गुडघ्याच्या गोळ्या आणि आमचे घरमालक

आमचे घरमालक दार वाजवायचे ते भाड्यासाठी नाही. दार उघडलं की पहिला प्रश्न, "पोट साफ झाला का?" घरात पाहुणे बसलेले असोत की जावई आलेला असो, त्यांना फरक नव्हता. उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचे नाहीत. माझी बायको आतून ओरडायची, "झालंय म्हणून सांगा की त्यास्नी, न्हायतर जायचे न्हाईत."

ही सवय त्यांना दवाखान्यात लागली. आजारी होते म्हणून नाही, माणूस धडधाकट होता. पण शहरात कुठं नव्या औषधाची तपासणी निघाली, म्हणजे हे औषध माणसाला लागू पडतं की नाही हे डॉक्टर लोकांना बघायचं असलं आणि त्यासाठी आपणहून येणारी माणसं पाहिजे असली, की आमचे मालक सगळ्यांच्या आधी हजर. साखरेच्या तपासणीला गेले, रक्तदाबाच्या गेले, दातांच्या गेले. एकदा तर झोपेच्या तपासणीला जाऊन डोक्याला वायरी लावून झोपून आले आणि गल्लीत सांगत फिरले, "डॉक्टर म्हणाला, असा झोप आजवर बघितला नाही."

मी चौथी शिकलोय. लिहायची सवय नाही. पण बायको जाऊन वर्ष होत आलं. मालक तिच्याही आधी गेले, पुण्यात, मुलाच्या घरी. आता घरात बोलायचं तर भिंतीशी. मुलगी म्हणाली, बाबा, आठवतं ते लिहून काढा. रडका मजकूर मला जमणार नाही, आणि बायकोला तो आवडलाही नसता. म्हणून मालकांवर लिहितो. त्यांच्यावर लिहिलं की ती येतेच. कारण मालकांनी अन्न टाकलेलं मी एकदाच बघितलं, ते ह्या गुडघ्याच्या गोळ्यांपायी, आणि तो घोळ आमच्या हिनं घातला होता.

मालक मूळचे जॉबर. म्हणजे कारखान्यात बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. मी त्याच कारखान्यात टॉवेलच्या मागावर होतो. खटखटाटात आयुष्य गेल्यामुळं आम्हा दोघांनाही हळू बोलता येत नव्हतं. आम्ही गुपित बोललो तरी चौकातल्या पानवाल्याला कळायचं. त्यांच्या घरात तेलुगू. जन्म सोलापुरात जाऊनही त्यांच्या मराठीत बाई 'आला' आणि चहा 'आली'. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी "ओ भाडेकरू". माझी बायको मात्र अक्का. ती त्यांना अण्णा म्हणायची आणि माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकायची. म्हणजे कुणाचंच ऐकायची नाही, पण त्यांचं निदान ऐकून घ्यायची.

तपासणीच्या दिवशी त्यांचा थाट बघायचा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असलं की तो उपास सगळ्या गल्लीला कळायचा. ज्यांनी चहा विचारलेलाही नाही त्यांच्या दारात थांबून सांगायचे, "आज चहा नको, माझा उपास हाय." डाव्या हाताची शीर त्यांची लाडकी. नव्या नर्सनं उजवा हात धरला की म्हणायचे, "हा नको, तो घ्या. तो चांगला देतो." जणू गोठ्यात दोन म्हशी बांधल्यात. रक्त काढल्यावर जी गोल पट्टी लावतात ती ते फेकायचे नाहीत. घरी आणून दाराच्या आतल्या अंगाला चिकटवायचे. पाहुणा आला की दार लावून दाखवायचे.

हे सगळं कशासाठी, हा गल्लीतला कायमचा विषय होता. त्यांचा पुण्याचा मुलगा फोनवर म्हणायचा, अप्पांचा वेळ जात नाही. समोरचा किराणावाला म्हणायचा, चहा-बिस्कीट फुकट मिळतं म्हणून. मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. उन्हाळ्यात म्हणायचे, "तिथं एसी हाय." हे काही खोटं नव्हतं. सोलापूरचा मे महिना ज्यानं पत्र्याखाली काढलाय तो गार हवेसाठी एक काय, दोन्ही हात पुढं करेल. उन्हाळा संपला की म्हणायचे, "तिथं लिफ्ट हाय." एकदाच जरा थांबून बोलले.

"भाडेकरू, तुला आजवर कुणी विचारला का, रात्री झोप कसा लागला?"

"बायको विचारती की कदी कदी."

"आणि तू सांगितल्यावर लिहून घेते का?"

"लिहून कशाला घेईल?"

"तिथं लिहून घेतात," मालक म्हणाले, आणि मान वळवून दुसरीकडं बघायला लागले.

एकदा मी त्यांच्यासोबत नुसता बसायला गेलो. बाकड्यावर बाकीची मंडळी होती. एक म्हातारी म्हणाली, "आजच्या दिवस सून काम सांगत न्हाई." कुर्डुवाडीचा रेल्वेतला एक रिटायर गडी म्हणाला, आपलं सगळं शरीर बघून मिळतं, घरच्यांना घोर नको. तिसरा म्हणाला, "डॉक्टरबाई आमच्या मंगळवेढ्याची हाय. गावची पोरगी. तिला न्हाई कसं म्हणायचं?" औषधाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग ह्याच डॉक्टरबाईंकडं गुडघ्याच्या गोळ्या निघाल्या.

आमच्या गल्लीत गुडघा धड असलेला म्हातारा माणूस दाखवा. बाप्यांचे मागावर उभं राहून गेलेले, बायकांचे मांडी घालून टॉवेलच्या कडा शिवून. आमची ही उठताना भिंत धरायची आणि भिंतीलाच शिव्या घालायची. मालकांनी आम्हाला दोघांना आणि गल्लीतल्या अजून काही जणांना गोळा करून रिक्षात भरलं आणि वरातीसारखं नेलं.

डॉक्टरबाईंनी समोर बसवून नीट समजावलं. निम्म्यांना औषधाची गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. काही महिने घ्यायची, मग कुणाच्या गुडघ्यात किती फरक पडला ते बघायचं. मध्येच सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा, कुणी रागावणार नाही. मालक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. माझी बायको गप्प होती. ती गप्प बसली की मला धडकी भरायची.

परत येताना रिक्षात म्हणाली, "ह्ये बरं न्हाई."

"काय बरं न्हाई?"

"एका पंगतीत बसवायचं, एकाच्या ताटात जिलबी वाढायची आन दुसऱ्याच्या ताटात जिलबीचं चित्र ठिवायचं. ही कुटली रीत?"

हे कळायला आमच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी माहीत पाहिजे. माग थांबले की सगळ्यांचे डबे एका जागी उघडायचे. कुणाची कडक भाकरी, कुणाची शेंगाचटणी, कुणाच्या घरचा चिंचेचा आंबट भात. आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसणारा माणूस आमच्यात हलका. आणि ज्याचा डबा आज आलेलाच नाही, त्याला जेवण संपेपर्यंत त्याची आठवणही होऊ द्यायची नाही. बायका कारखान्यात नव्हत्या, पण डबे भरायच्या त्याच. एका माणसाचा डबा त्या चार माणसांच्या हिशेबानं भरायच्या.

तर मालकांच्या ओट्यावर हिनं घरून परात आणली. म्हणाली, "वता सगळ्यांनी."

सगळ्यांनी डॉक्टरबाईंनी दिलेल्या आपापल्या बाटल्या परातीत उलट्या केल्या. गोळ्या दिसायला सारख्या. हिनं त्या ज्वारी निवडल्यागत हातानं वर-खाली केल्या आणि मुठीमुठीनं परत सगळ्यांच्या बाटल्या भरल्या. "आता औषिद बी सगळ्यांच्या पोटात, चित्र बी सगळ्यांच्या पोटात. कुणी मागं न्हाई, कुणी फुडं न्हाई."

मालकांनी डोकं खाजवलं. "अक्का, डॉक्टर काय म्हणेल?"

"तिला तरी कुटं ठावं हाय, कुणाची कुटली त्ये? तिनं सोताच सांगितलं की."

मालकांनी आपली बाटली उचलून खिशात घातली. बाकीच्यांनी पण.

मग ती रीतच पडून गेली. नव्या बाटल्या मिळाल्या की ओट्यावर परात. मालकांच्या घरून उप्पीट, आमच्याकडून चहा. गोळ्या वाटून झाल्या तरी कुणी उठायचं नाही. कुणाचा गुडघा काल काय म्हणाला, जिना कुणी किती शिव्या देत चढला, ह्यावर हसणं. सगळेच म्हणायला लागले की जरा बरं वाटतंय. वाटणारच. त्या ओट्यावर मेलेल्यालाही बरं वाटलं असतं.

मालक गल्लीत वाटेल त्या थापा मारायचे, पण तपासणीच्या खोलीत एक शब्द खोटा बोलायचे नाहीत. ते त्यांचं देऊळ होतं. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "अण्णा, गोळ्या दिल्या तशाच घेतल्या ना?"

मालक खुर्चीत ताठ झाले. "घेतला की. आणि कुणावर अन्याय पण होऊ दिला नाही."

आणि परातीची सगळी हकीगत त्यांनी छाती काढून सांगितली. अक्काला श्रेय द्यायलाही विसरले नाहीत. मी शेजारीच बसलो होतो. डॉक्टरबाईंनी हातातल्या पेनला टोपण लावलं.

"अण्णा, आता तुमच्या लोकांवरून मला कधीच कळणार नाही की औषधानं बरं वाटलं, का नुसत्या गोळीनं."

"थोडा तरी कळेल?"

"थोडंसुद्धा नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून तपासलं. कुणाला काही झालेलं नव्हतं. मग म्हणाल्या, हे मला वर कळवावं लागेल. तुमची नावं यादीतून निघतील. आधीच माणसं कमी पडतायत, आता जागा भरल्या नाहीत तर इथली तपासणी बंद करतील.

मालकांनी विचारलं, "मग गुडघ्याचा?"

"मग ते राहिलं, अण्णा."

त्या दिवशी मालक जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वरच्या मजल्यावरून खाली आले नाहीत, माझ्या पोटाची चौकशी झाली नाही. हिला चैन पडेना. भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन भिंत धरत जिना चढली. मी मागं.

"अण्णा, परात माजी व्हती. तुमी का उपाशी? मी ऱ्हाते उपाशी."

"तू जेव अक्का. तुला साखर हाय."

"एवढं काय बुडालं त्यात? येक गोळी न्हाई कळली तर न्हाई कळली. औषिदाच्या दुकानात गोळ्या काय कमी हायेत?"

मालक माझ्याकडं बघून बोलले, तिच्याकडं नाही.

"भाडेकरू, आपण जन्मभर टॉवेल काढला. गेटच्या बाहेर गेला की गेला. त्यानं कोण तोंड पुसतो, आपल्याला माहीत नाही. त्याला आपण माहीत नाही. पण टॉवेल बरा असला की त्याचा तोंड कोरडा होतो. होतो ना?"

"व्हतंय की."

"हे पण तसाच. आपण इथं गोळी घ्यायचा. कुठं तरी लांब एक म्हातारी असेल, ती आपल्याला ओळखत नाही, तिला कळेल हा गोळी घ्यायचा का नाही. मला ते लई आवडतो. आणि ह्या वेळी माल खराब निघाला, आणि खराब मी केला. जॉबर असून."

इतकी वर्षं मी एसी आणि लिफ्ट ऐकत होतो. ही भाकरीचं ताट हातात धरून उभीच होती. मग तिनं ते त्यांच्यापुढं ठेवलं.

"किती माणसं लागत्यात तिला?"

"लई लागतात."

"मग भरू की. जेवा आता."

"आधी माणसं."

"आधी भाकरी. उपाशी माणसाच्या मागं कोण येतंय?"

मालक जेवले. तिनं दुसरी भाकरी वाढली, तीही खाल्ली.

डॉक्टरबाईंनी आधी नको म्हटलं. मग म्हणाल्या, माणसं सुचवा, पण कुणाला आग्रह नको, कसली लालूच नको, आणि निम्म्यांच्या गोळीत औषध नसतं हे पहिल्यांदा सांगायचं. अवघड तेच होतं. आमची गल्ली तर बाद. दोघं मिळून पलीकडच्या गल्ल्यांत फिरायला लागले. मालक दारात उभं राहून पहिलं वाक्य म्हणायचे, "मध्येच सोडून गेला तरी चालतो." लोक म्हणायचे, अहो, कशातनं सोडून जायचं ते तरी सांगा.

हिची रीत वेगळी. पिठाच्या गिरणीत बायकांची रांग असते, तिथं जाऊन बसायची. मी एकदा डबा घेऊन मागं उभा होतो तेव्हा ऐकलं.

"येक गोळी हाय गुडघ्याची. कदाचित त्यात काय बी नसंल. दुखणं ऱ्हाईल तसंच ऱ्हाईल. यायचं तर या."

एक जण म्हणाली, "मग कशाला यायचं मावशी? खडू खायला?"

"तुज्या नातीच्या गुडघ्यासाठी ये."

"माझी नात अजून रांगत न्हाई."

"मग आत्ताच बघून ठिवलेलं बरं."

सगळी रांग हसली. गिरणीवाल्यानं चक्की बंद करून काय झालं म्हणून विचारलं. ती बाई दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडं गेली, आणि शेजारणीला सोबत घेऊन गेली. कुणी गंमत म्हणून गेलं, कुणी एसीसाठी गेलं, एक जण केवळ आमच्या हिचं तोंड थांबावं म्हणून गेला. जागा भरत आल्या.

आणि मालकांनी एक नवीन रीत काढली. ज्या लोकांनी जन्मात एकट्यानं शेंगदाणा खाल्ला नाही त्यांच्या घरोघर जाऊन सांगायचे, "हा गोळी एकट्यानं खायचा. भिंतीकडं तोंड करून. बायकोला पण विचारायचा नाही." एका घरातले नवरा-बायको दोघंही तपासणीत होते. त्यांनी मालकांचं इतकं मनावर घेतलं की गोळीच्या वेळी पाठीला पाठ लावून बसायचे, आणि गिळून झाली की एकमेकांकडं वळून "झालं का?" म्हणून विचारायचे. हे आम्ही खिडकीतून बघितलं. ही तिथंच पायरीवर बसली आणि हसून हसून तिला उठता येईना. मालक आणि मी दोन्हीकडून धरून तिला घरी आणलं.

बरेच महिने गेले. एक दिवस डॉक्टरबाई स्वतः स्कूटीवरून आमच्या गल्लीत आल्या. चेहरा उतरलेला. ओट्यावर बसल्या, हिनं दिलेलं पाणी प्यायल्या.

"अण्णा, निकाल आला. आपला आणि बाकीच्या गावांचा मिळून. औषधाची गोळी आणि नुसती गोळी, दोन्हींत फरक नाही. औषध लागू पडत नाही."

मी मालकांकडं बघितलं. वाटलं, आता परत जिना चढावा लागणार ताट घेऊन.

मालकांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"शंका नाही?"

"नाही. तुमची माणसं एकदम चोख वागली. तुमच्या भागाचं काम सगळ्यांत चांगलं झालं, असं वरून सांगितलं."

"मग हा गोळी आता दुकानात येणार नाही."

"नाही येणार."

"कुठली म्हातारी फुकट घेऊन खाणार नाही."

"नाही खाणार, अण्णा."

मालक उठले. घरात जाऊन पांढरा शर्ट घालून आले आणि चपला अडकवून चौकाकडं चालायला लागले. डॉक्टरबाईंना काही कळेना. माझ्याकडं बघितलं. मलाही कळेना.

हिला मात्र दुसरंच काही सुचलं होतं. "म्हंजी बाई, मी परातीत घातलं ते सगळं येकच व्हतं?"

"तसंच म्हणायचं मावशी."

"चित्रात चित्र कालवत व्हते मी." आणि ती हसायला लागली. डॉक्टरबाईही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माहेरी आल्यासारख्या हसत होत्या.

तेवढ्यात मालक आले. हातात पेढ्यांचा पुडा. पहिला पेढा डॉक्टरबाईंच्या हातावर. दुसरा हिच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला साखर आहे ना?"

"अर्धाच खाते," ही म्हणाली, आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडात कोंबला. मी बोलत होतो तरी कोंबला. अशी आमची ही. आता पेढा आणला तर सगळा मलाच खावा लागतो, म्हणून मी आणत नाही.

मालक पुडा घेऊन गल्लीतून निघाले. दिसेल त्याच्या हातावर पेढा. लोकांनी अभिनंदन केलं, कशाचं ते न विचारता. पेढा हातात पडला की माणूस विचारत बसत नाही. किराणावाल्यानं तेवढं विचारलं.

"काय अण्णा, नातू झाला का?"

"नाही. गोळी नापास झाला."

किराणावाल्यानं पेढा तोंडाजवळ नेलेला थांबवला. "नापास झाली तर पेढे कशाला?"

मालकांनी त्याच्याकडं बघितलं, एखाद्या लहान पोराकडं बघावं तसं.

"अरे, कळला ना," म्हणाले, आणि त्याच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.